पाणाड्याची बायको : पाच खंडांत तिला वाढू कसं द्यावं

आर्वी तालुक्यातल्या एका तरुण लेखकानं पाच खंडांच्या अद्भुतकथेचा आराखडा आणि पहिल्या खंडाचं हस्तलिखित मला वाचायला दिलं. दोन नद्यांमधला कोरडा मुलूख. तिथले पाणाडे मंत्रानं जमिनीखालचं पाणी वर आणतात, पण दर वेळी त्यांना स्वतःची एक आठवण मोजावी लागते. लागोपाठ तिसरं साल कोरडं जातं तेव्हा नायक आपल्या गेलेल्या पाच वर्षांच्या मुलीची आठवण देतो. पाच गावांच्या विहिरी भरतात. सकाळी बायको मुलीचं नाव काढते आणि तो विचारतो, "कोण?" ती लहान पोराला घेऊन माहेरी निघून जाते. लेखकाचा प्रश्न असा : वाचणाऱ्यांना ही बायको नुसती चिडकी वाटते. पुढच्या चार खंडांत तिचं पात्र कसं वाढवू? आणि शेवटी तिला परत आणू का?

भाऊ, तुमचं हस्तलिखित मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा फक्त तिच्यासाठी. 'कोण?' ऐकल्यावर ती चुलीवरचा तवा उतरवून ठेवते, ते पान मनात राहिलं. रडणं नाही, भांडण नाही. तवा उतरवला, पोराला कडेवर घेतलं, निघाली. ज्याला हे पान लिहिता आलं त्याला ती बाई ठाऊक आहे. म्हणून कुणी चिडकी म्हटलं तर तिला मवाळ करायला जाऊ नका. तिचा राग बरोबर आहे. अडचण पुढं आहे.

तुमचा दुसरा खंड सहा वर्षांनी सुरू होतो. या सहा वर्षांत नायकाला एक शिष्य मिळाला, तीन वैरी झाले, डाव्या हाताची दोन बोटं गेली. आणि ती? भावाच्या ओसरीवर, तेच लुगडं, तेच वाक्य. तिनं घर सोडलं त्या दिवशी तुम्ही तिची सालं मोजणं थांबवलंत. तो परत दिसेल तेव्हाच ती पुन्हा जिवंत होणार, असा तुमचा हिशेब आहे. वाचणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, तो 'चिडकी' म्हणून मोकळा होतो. सहा वर्षं एकाच रागात उभं राहिलेलं माणूस त्याला खरं वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा पहिलं काम : तिच्या नावाची वेगळी वही घाला. नायकाच्या प्रत्येक सालासमोर तिचं साल. छापायचं नाही, पण लिहायचं. पहिल्या पावसाळ्यात ती कोणाच्या वावरात निंदायला गेली? भावजयीनं तिची चूल वेगळी करून दिली का, आणि केली तर कोणत्या महिन्यात? पोराला गोवर निघाला तेव्हा रात्री कोण बसलं? तिला कोणत्या सणाला बोलावत नाहीत? मी तीन मोठ्या मालिका लिहिल्या. ज्या पात्रांची अशी वही घातली नव्हती ती तिसऱ्या खंडापर्यंत वाळून गेली. नंतर कितीही शिंपलं तरी हिरवी झाली नाहीत.

आता तुमच्या आराखड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, जी तुमच्या हातात आहे आणि तुम्हाला दिसली नाही. ती पाणी कुठलं पिते?

पाच गावांच्या विहिरी भरल्या. त्यात तिचं माहेर आहे की नाही, हे तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. माझं ऐका, ते गाव त्या पाचांतलं करा. म्हणजे ज्या पाण्यासाठी तिची लेक दुसऱ्यांदा गेली, तेच पाणी ती रोज सकाळी शेंदते. त्याच पाण्यात वरण शिजतं, त्यानंच पोराला आंघोळ घालते. गावातल्या बाया विहिरीवर तिच्या नवऱ्याला दुवा देतात आणि तिला ऐकून घ्यावं लागतं. पहिले काही महिने ती दोन कोस चालून नदीच्या झिऱ्याचं पाणी आणत असेल. मग एका उन्हाळ्यात झिरा आटतो, पोराला ताप असतो, आणि ती गावच्या विहिरीत पोहरा सोडते. हे एक पान लिहिलंत की दुसऱ्या खंडातली तिची अर्धी वाट झाली. तिनं माफ केलेलं नाही, पण ती पाणी प्यायली. इथून पुढं तिचा राग पहिल्यासारखा स्वच्छ राहूच शकत नाही.

अद्भुतकथेत घर मोडतं तेव्हा जादूचा कायदा त्या घरातूनच गेला पाहिजे. तो नुसता राजवाड्यात आणि रणात दिसत असेल, तर बायकोचं प्रकरण जोडकाम वाटतं. तुमच्या कायद्यात तर ती सोय आधीपासून आहे. नवरा आठवणी खर्च करणारा, आणि ही आठवण ठेवणारी. मुलगी कशी हसायची, कोणत्या शब्दाला अडखळायची, हे आता जगात आपल्या एकटीलाच माहीत आहे, असं तिला वाटतं. एकट्यानं आठवण सांभाळणं हे फार अवघड काम आहे. ताळा करायला दुसरं कोणी नसतं. ती चुकायला लागेल. पोराचं हसू लेकीच्या नावावर लावेल. फ्रॉक हिरवा होता की निळा, यावर रात्र रात्र जागेल. आणि ज्याला विचारावं तो एकच माणूस, ज्यानं ते विकून टाकलं. तिसऱ्या खंडात तिला तो हवासा वाटावा तर तो या कारणानं. प्रेम, एकटेपण हे सगळं नंतर. आधी साक्षीदार हवा म्हणून.

इथं थोडं घरचं सांगते. आमची आत्या एकोणीस वर्षं माहेरी होती. मी सात-आठ वर्षांची असताना मला एवढंच माहीत होतं की आत्या रुसून आली आहे. मॅट्रिकच्या वर्षी कळलं, नवऱ्यानं तिच्या आंदणाची गाय तिला न विचारता विकली होती. पैसा दारूत गेला नव्हता, धाकट्या नणंदेच्या लग्नात गेला होता. म्हणजे चांगल्याच कामात. माझं लग्न झाल्यावर आजीनं एकदा बाजेवर पडल्या पडल्या सांगितलं, तो तीनदा न्यायला आला होता. दोनदा आजोबांनी वाटेला लावलं, तिसऱ्यांदा आत्यानंच. तो वारला तेव्हा ती तेरवीला गेली, दिवस मावळता परत आली, आणि डोक्यावर आपला लग्नातला, पाणी भरायचा तांब्याचा गुंड घेऊन आली. कोणी विचारायच्या आत म्हणाली, "माह्या बापाचं नाव हाय त्याच्यावर."

त्या एकोणीस वर्षांत घडलेली गोष्ट बदलली नाही. मला कळलेली गोष्ट चारदा बदलली, आणि दर वेळी आत्या मला वेगळी दिसली. पाच खंडांची मालिका लिहिणाऱ्याला ही सोय एका पुस्तकाच्या लेखकापेक्षा फार जास्त आहे. घर सोडण्याचा प्रसंग एकदाच घडू द्या, पण प्रत्येक खंडात त्याचा एक नवा पदर उघडा. पहिल्यात वाचकाला वाटतं, त्यानं पाच गावं वाचवली आणि हिनं समजून घेतलं नाही. दुसऱ्यात कळतं की कोणती आठवण द्यायची हे ठरवण्याची मुभा पाणाड्याला असते, आणि त्यानं स्वतःच्या बापाची आठवण राखून लेकीची दिली. तिसऱ्यात कळतं, आदल्या रात्री त्यानं तिला विचारलं होतं आणि ती 'तुम्हाले जे सुचंल थे करा' म्हणाली होती, तो कशाबद्दल विचारतोय हे न कळता. हा तिसरा पदर तुम्ही घालाच, कारण त्यात तिचाही वाटा येतो. पूर्ण निर्दोष बाई पाच खंड चालत नाही. तिच्या हातून एक खरी चूक होऊ द्या, नंतर भरून न निघणारी. मला वाटतं ती पोराची असावी. बापानं पाठवलेले निरोप तिनं सहा वर्षं पोरापर्यंत पोचू दिले नाहीत.

आता तिच्या नावाबद्दल. तुमच्या आराखड्यात तिला नाव नाही, सगळीकडे 'नायकाची बायको'. तुम्ही आर्वीकडचे आहात, म्हणजे नदी ओलांडली की कौंडण्यपूर. तिथल्या दोन्ही राजकन्यांना, रुक्मिणीला आणि दमयंतीला, जुन्या ग्रंथांत 'वैदर्भी' म्हटलं आहे. म्हणजे विदर्भवाली. आपल्या गावांत आजही सुनेला पुलगाववाली, मोर्शीवाली म्हणतात, तीच रीत. सासरी बाई माहेरच्या गावानं ओळखली जाते. माहेरी परतली की अमक्याची लेक होते, पोर मोठं झालं की अमक्याची माय. ही साधी गोष्ट तुमच्या मालिकेचा कणा होऊ शकते. प्रत्येक खंडात लोक तिला काय म्हणतात ते बदला, आणि तिचं स्वतःचं नाव कोणाच्या तोंडून पहिल्यांदा येतं ते फार विचार करून ठरवा. उलट बाजूनंही तेच. ती नवऱ्याला 'थे' म्हणते, 'पोराचे बाबा' म्हणते. आपल्याकडे बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, अशी जुनी चाल. जादूच्या मुलखात नाव घेण्याला वजन असतंच. तिनं उखाणा न घालता त्याचं नाव सरळ घेतलं, हा प्रसंग चौथ्या खंडाच्या मध्यावर आला तर एका लढाईपेक्षा जास्त काम करेल.

दमयंतीची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. महाभारताच्या वनपर्वातलं मूळ आख्यान लेखक म्हणून पुन्हा वाचा. नवरा जुगारात बुडतोय हे दिसताच, तो सोडून जाण्याच्या कितीतरी आधी, ती दोन्ही मुलांना सारथ्याबरोबर माहेरी पाठवून देते. पुढं रानात नल तिच्या अंगावरचं अर्धं वस्त्र कापून घेऊन निघून जातो. त्यानंतर ती बसून राहत नाही. चेदीच्या राजवाड्यात राहते, तिथून कुंडिनपुरी, म्हणजे आपल्या कौंडण्यपुरी, बापाकडे येते, आणि ब्राह्मणांना एक कोडं शिकवून गावोगाव पाठवते. ज्यानं अर्धं वस्त्र कापलं त्यालाच त्याचं उत्तर सुचेल असं कोडं. उत्तर अयोध्येहून येतं. मग ती दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता फक्त अयोध्येच्या राजाला कळवते, मुहूर्त दुसऱ्याच दिवसाचा. एवढ्या वेळात इतका लांबचा रथ हाकणारा सारथी जगात एकच, नल, हे तिला माहीत असतं.

यातली खूण ओळखण्याची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. पहिल्या स्वयंवरात चार देव नलाचं रूप घेऊन बसलेले असतात. ती डोळ्यांनी ओळखते : देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. शेवटी नल बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन समोर येतो तेव्हा डोळ्यांचा उपयोगच नसतो. ती दासीकडून त्याचं काम पाहवते, त्याच्या हातचं शिजवलेलं मागवून चाखते, मुलांना त्याच्यापुढं पाठवून त्याचा चेहरा बघायला सांगते. सुरुवातीला रूपावरून ओळखणारी मुलगी शेवटी हाताच्या चवीवरून ओळखणारी बाई झाली. 'दमयंती आता प्रौढ झाली' असं कुठं सांगावं लागलं नाही. तुमच्या बाईसाठी अशीच एक कृती निवडा. ती पहिल्या खंडात एका तऱ्हेनं करते आणि पाचव्यात दुसऱ्या. तवा उतरवणं आहेच तुमच्याकडे.

आणि भेट झाल्यावर दमयंती काय बोलते ते पाहा. ती त्याला 'तू मला का सोडलंस' असं विचारत नाही. बाहुक म्हणूनच बोलते : झोपलेल्या बायकोला रानात टाकून जाणारा कोणी धर्म जाणणारा माणूस तू पाहिलास का? तो समोर असून त्याच्याबद्दल तिसऱ्याच माणसासारखं विचारते. तुमच्या दुसऱ्या खंडातल्या भेटीत दोघं नऊ पानं जखमेवरच बोलतात. कापा. एवढ्या वर्षांनी भेटलेली माणसं पोराच्या तापाबद्दल, बैलाच्या खुराबद्दल बोलतात. पाच खंडांत त्यांच्या भेटी तीनच ठेवा, आणि पहिल्या दोन भेटींत मुलीचं नाव दोघांपैकी कोणाला काढू देऊ नका.

मधल्या काळात तिच्याकडे बाकीचे येऊ द्या. भुलाबाईच्या गाण्यांत रुसलेल्या सुनेचं एक गाणं आहे, तुमच्या घरातल्या बायांना विचारा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी ते म्हणायचो. सून रुसून बसली आहे, तिला न्यायला घरातलं एकेक माणूस जातं, प्रत्येक जण काहीतरी देऊ करतो, ती येत नाही. शेवटी नवरा जातो. मालिकेला यापेक्षा चांगली चौकट मी सुचवू शकत नाही. दुसऱ्या खंडात सासू येते, आणि ती न्यायला आलेली नसते, नातीबद्दल ऐकायला आलेली असते. कारण सासूला नात आठवते आहे, आणि पोटच्या पोराला आठवत नाही, हे तिलाही सोसत नाही. तिसऱ्यात शिष्य येतो. त्याला स्वतःची पहिली आठवण द्यायची आहे आणि देण्याआधी ती कोणाला तरी सांगून ठेवायची आहे. इथून ती पाणाड्यांच्या आठवणी ऐकून ठेवणारी बाई होते. मुलखातले पाणाडे रात्री तिच्या ओसरीवर येतात, सांगतात, पहाटे जाऊन विसरतात. तिच्याकडे सत्ता येते, आणि सत्तेबरोबर मोह. दुसऱ्याची आठवण तिच्याकडे आहे, मग ती पाण्याला देता येईल का? चौथ्यात राजाचा माणूस येतो, हुकूम घेऊन.

तुमच्या राज्यात नवऱ्याघरी नांदायला जाण्याची सक्ती कोण करू शकतं, हे आत्ताच ठरवून ठेवा. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ आहे, गावात त्याला 'नांदायला येण्याची नोटीस' म्हणतात, आणि ती दारात आली की घरातले सगळे कसे बोलायला लागतात हे तुम्ही पाहिलं असेल. राजाला ती पाणाड्याच्या घरी हवी आहे, कारण आठवणींचा साठा तिच्यापाशी आहे. म्हणजे नवराबायकोचं भांडण आणि राज्याचं भांडण एकाच दारात येतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. तुमच्या चौथ्या खंडाच्या टिपणात 'ती काळ्या विद्येकडे वळते, गाव तिला जाळायला निघतं, नायक वाचवतो' असं लिहिलं आहे. हे करू नका. एकटी राहणारी, नवरा नसलेली बाई करणी करते म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून येत आल्या आहेत. २०१३ साली राज्याला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. तुमच्या मुलखात जादू खरी आहे. तिथं एकट्या बाईला चेटकीण केलंत, तर गावाचा संशयच तुम्ही खरा ठरवता, मग नायकानं तिला कितीही वाचवू दे. गावाला तिचा संशय येऊ द्या, तो यायलाच हवा, तिच्या ओसरीवर रात्री पुरुष येतात ते काय करतात म्हणून. पण उत्तर तिच्याकडून येऊ द्या. ती चावडीवर उभी राहून गावातल्या एकेका पाणाड्यानं काय काय दिलं ते मोजून सांगते. विहिरीत कोणाचं काय आहे ते. त्यानंतर कोणी बोलू शकत नाही, आणि पाणी भरायलाही कोणाचा हात उठत नाही. तसंच तिला मारूही नका. नायकाला चेव यावा म्हणून तिसऱ्या खंडात मेलेल्या बायका मी हस्तलिखितांत फार वाचल्या. प्रत्येक वेळी लेखकाला पुढं काय करायचं ते सुचलेलं नव्हतं, एवढंच दिसलं.

तिच्या डोक्यात वाचकाला कधी शिरू द्यायचं? माझा कौल पहिल्याच खंडात, एका प्रकरणापुरता. ती चालत माहेरी जाते ती रात्र. ती गूढ राहिली तर वाचक 'तिचं काय गुपित असेल' एवढ्यावरच अडकतो. तिचं गुपित नाही, तिचं दुःख आहे, आणि ते वाचकाला लवकर कळलेलं चांगलं.

आता, परत आणू का? 'परत' म्हणजे कुठं, हे आधी बघा. पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ विठ्ठलाच्या देवळापासून वेगळं आहे. ती रुसून तिथल्या दिंडीरवनात गेली आणि तो तिच्या मागं आला, अशी कथा सांगतात. गेली ती, आणि जागा बदलली त्यानं. आणि कौंडण्यपूरहून माहेरची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते, चारशेहून अधिक वर्षांची परंपरा म्हणून. माहेर तुटलेलं नाही, सासर सुटलेलं नाही, आणि दोघं एका गाभाऱ्यातही नाहीत. तुमच्या भागातल्या वाचकाला हा शेवट परका वाटणार नाही.

मी लिहिलं असतं तर पाचव्या खंडात तो तिच्या गावी येतो. जादू संपलेली, देण्यासारखी आठवण उरलेली नाही, बायकोला तो चेहऱ्यानं ओळखतो पण लग्न आठवत नाही. मुलीची आठवण त्याला मंत्रानं परत मिळू देऊ नका, नाहीतर पहिल्या खंडातला सगळा सौदा खोटा पडेल. ती त्याला सांगते. रोज एक गोष्ट, ओसरीवर, जसं बाकीच्या पाणाड्यांकडून ऐकायची तसं आता उलट. तो ऐकतो, शेजारच्या पोरीची गोष्ट ऐकावी तसा, आणि तिला ते दिसतं. एका दिवशी ती अडते, फ्रॉक हिरवा की निळा. तिथं सासूला बसवा. म्हातारी म्हणते, "पिवळा होता थो." आतापर्यंत दोन्ही रंग चुकीचे होते. मग ती उठते, चुलीवर तवा ठेवते, आणि किती भाकरी टाकायच्या ते तुम्ही मोजून लिहा.